लेन्स कोणती घ्यावी? पेट्झव्हालपासून वारणाकाठापर्यंत

१/१८
लग्नसराई जवळ आली की वारणानगर, कोडोली, पन्हाळा या पट्ट्यातील नवे छायाचित्रकार एकच प्रश्न विचारू लागतात: कॅमेरा तर घेतला, आता लेन्स कोणती घ्यावी? हा प्रश्न बाजाराचा वाटत असला, तरी त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक वयाचा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्या कोल्हापुरात लिहिली गेली आहेत. आजचा धागा त्या इतिहासाचा आहे. शेवटी खरेदीविषयी चार व्यवहाराच्या गोष्टीही येतील.

२/१८
प्रथम तीन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. फोकल लेंग्थ, म्हणजे शाळेतील पुस्तकातले नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये मोजतात. ते जितके कमी तितके दृश्य रुंद, जितके अधिक तितके दूरचे जवळ. अपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र. एफ/१.८ हे मोठे छिद्र, एफ/११ हे लहान. छिद्र मोठे असेल तर अंधारातही चित्र मिळते, परंतु मागचे-पुढचे धूसर होते. तिसरी गोष्ट दुकानात मिळत नाही: विषयापासून तुमचे अंतर. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसण्याचे प्रमाण लेन्स ठरवत नाही, तुमची उभे राहण्याची जागा ठरवते. लेन्स फक्त त्या जागेवरून किती दृश्य चौकटीत घ्यायचे ते सांगते. ही तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा, धागाभर ती आपल्यासोबत राहणार आहे.

३/१८
१८३९ मध्ये दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली, तेव्हा वापरात आलेले शेव्हालिए यांचे भिंग सुमारे एफ/१४ ते एफ/१५ इतके मंद होते. इमारती आणि रस्ते टिपायला ते पुरेसे होते, कारण इमारत हलत नाही. माणूस मात्र हलतो. कित्येक मिनिटे स्थिर बसणे कोणाला शक्य होते? म्हणूनच त्या काळातील शहरांच्या चित्रांत रस्ते ओस पडलेले दिसतात. रस्त्यावर गर्दी होती. ती हलत राहिल्यामुळे तिची खूण पट्टीवर उमटली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हा पहिला धडा आहे: चित्रात जे दिसत नाही, ते तेथे नव्हते असे समजू नये.

४/१८
१८४० मध्ये व्हिएन्ना येथील गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल याने व्यक्तिचित्रांसाठी खास भिंग गणिताने सिद्ध केले. त्याच्या आकडेमोडीच्या साहाय्याला ऑस्ट्रियन तोफखान्यातील गणितात तरबेज सैनिक देण्यात आले होते. फॉइग्टलेंडर या कंपनीने घडवलेले हे भिंग एफ/३.६ चे होते, म्हणजे आधीच्या भिंगापेक्षा सुमारे पंधरा पट अधिक प्रकाश घेणारे. मात्र त्याची किंमत मोजावी लागली. चित्राचा मध्य लख्ख आणि कडा मऊ, विरघळलेल्या. चेहऱ्यासाठी उत्तम, वाड्यासाठी निरुपयोगी. ‘आपल्या कामाला साजेशी लेन्स निवडा’ हा सल्ला या वर्षापासून अर्थपूर्ण झाला. त्याआधी निवडायला फारसे काही नव्हतेच.

५/१८
मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी यांचे नाव अग्रभागी येते. ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. या काळातील ओल्या काचपट्टीच्या तंत्रात पट्टी ओली असतानाच चित्र घेऊन धुवावी लागे, त्यामुळे छायाचित्रकारासोबत अंधारखोलीही फिरत असे. अशा कामासाठी बंदिस्त स्टुडिओ सोयीचा. माणसाला स्टुडिओत बोलवायचे, मानेमागे आधार द्यायचा आणि ‘हलू नका’ म्हणायचे. जुन्या चित्रांतील आपल्या पूर्वजांच्या ताठ, गंभीर मुद्रेमागे दीर्घ एक्स्पोजरचाही मोठा वाटा आहे, केवळ स्वभावाचा नाही.

६/१८
येथेच एक चमत्कारिक प्रकार घडला. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात मुंबईतील विविध जातिजमातींच्या चित्रांचा मोठा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागचे दृश्य दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेले आहे. पाहणाऱ्याला वाटते, हे लोक याच परिसरात उभे होते. प्रत्यक्षात ते तेथे नव्हतेच. वासाहतिक ग्रंथकाराला माणूस हा ‘नमुना’ म्हणून हवा होता. पार्श्वभूमी ही त्याला सजावट वाटली, म्हणून ती बदलता आली. पार्श्वभूमीचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

७/१८
याच काळात मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्यात होता. अनेक वर्षे तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्यानंतर त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्यासह लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक आले. गिलने द्विनेत्री, म्हणजे स्टिरिओ पद्धत वापरली. दोन भिंगांतून दोन चित्रे घेऊन ती एकत्र पाहिली की खोली जाणवते. लेण्यांतील खांब एकामागे एक कसे उभे आहेत हे सांगायचे असेल, तर ही निवड अचूक होती. त्याला लेण्याची खोली दाखवायची होती आणि साधन त्या गरजेतून आले.

८/१८
वास्तूंच्या चित्रणातील दुसरी अडचण रेषांची. साध्या भिंगातून कडेचे खांब धनुष्यासारखे वाकत. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये डॉलमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी या दोषावर उपाय ठरणारी भिंगे आणली. डॉलमायरच्या भिंगाच्या नावातच सरळ रेषेची ग्वाही होती: रॅपिड रेक्टिलिनियर. पुढे १८९३ मध्ये तीन काचांचे कुक ट्रिप्लेट आणि १९०२ मध्ये झाइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी रचलेले टेसार आले. कडेपर्यंत स्पष्ट, आकाराने लहान, किमतीने आवाक्यातले. कॅमेरा स्टुडिओतून बाहेर पडला, त्याला या भिंगांचा मोठा हातभार लागला.

९/१८
आता चलच्चित्राकडे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा, यांनी ते पाहिले आणि लंडनहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाच्या कॅमेऱ्यापुढे आरंभीच आली ती कुस्ती, ही गोष्ट आम्हा वारणाकाठच्या मंडळींना विशेष आवडावी अशी आहे. आखाड्याचा नियम तेव्हाही हाच होता: पैलवान कुठे सरकतील ते आधी सांगता येत नाही. जवळ गेलात तर डाव चौकटीबाहेर जातो, दूर थांबलात तर पकड दिसत नाही.

१०/१८
दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्यापूर्वी त्यांनी एक छोटा प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा एका जागी रोवला आणि ठरावीक काळाने एकेक चौकट टिपत अंकुराची वाढ पडद्यावर उभी केली. यासाठी लागली ती चिकाटी आणि कॅमेरा जागचा न हलवण्याची शिस्त. भांडवल देणाऱ्यांना या वेलाने पटवले. साधन मर्यादित असेल तर त्या मर्यादेत बसणारा विषय शोधावा, हे फाळक्यांकडून शिकावे.

११/१८
आणि आता कोल्हापूर. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. चित्रपटाचे वेड लागल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतः बनवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी ते काम पुढे नेले आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. फिल्म अचूक अंतराने पुढे सरकली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडली पाहिजे आणि पुन्हा मिटली पाहिजे. हे सारे हाताने फिरवायच्या दांड्यावर. तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. लोकमान्य टिळकांनी त्याची वाखाणणी केली. परदेशातून यंत्र मागवण्याच्या काळात कोल्हापूरच्या पेंटरांनी ते घडवले, याचे मोल आजही कमी नाही.

१२/१८
बाबूराव चित्रकार होते, म्हणून त्यांनी प्रकाशाचा विचार आधी केला. ‘सिंहगड’ (१९२३) मधील रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश योजला. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी घडीव, त्रिमितीय देखावे उभे केले. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची कहाणी आली. त्यातील उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे हे दृश्य चित्रपटाच्या इतिहासकारांनी वारंवार उल्लेखले आहे. विचार करा: त्या चौकटीत शेतकऱ्याचे दुःख त्याच्या घरातून, परिसरातून बोलते. पार्श्वभूमी येथे सजावट नाही, तीच कथा आहे. जॉन्सनच्या मुंबईपासून ‘सावकारी पाश’च्या झोपडीपर्यंत आपण किती दूर आलो, ते पाहा.

१३/१८
बाबूरावांच्या तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये यज्ञबळीची प्रथा मोडू पाहणारा राजा आणि त्याविरुद्ध उठलेला राजगुरू यांचा संघर्ष आहे. व्ही. शांताराम यांना राजगुरूचा केवळ डोळा पडदाभर हवा होता. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा. केशवराव धायबर यांच्या छायाचित्रणातील ही चौकट भारतीय चित्रपटातील टेलिफोटो भिंगाच्या वापराचे आरंभीचे उदाहरण मानली जाते. नेहमीच्या भिंगाने हे करायचे तर कॅमेरा नटाच्या तोंडाशी न्यावा लागला असता. त्याची सावली पडली असती आणि दिव्यांना जागा उरली नसती. दीर्घ भिंगाने कॅमेरा मागे राहिला आणि डोळा पुढे आला. भिंग एका नेमक्या भावनेसाठी निवडले गेले.

१४/१८
याच्या अगदी उलट निवड नारायण विनायक विरकर या मुंबईच्या छायाचित्रकाराची. १९१९ च्या हत्याकांडानंतर त्यांनी जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा आणि त्या दाखवणारी माणसे, असे त्यांचे विषय. येथे भिंत धूसर झाली असती तर काय उरले असते? भिंतीपाशी उभा एक माणूस. भिंत स्पष्ट आहे, म्हणून ते छायाचित्र पुरावा आहे. ‘अमृतमंथन’च्या डोळ्यामागे काहीही नसले तरी चालते. बागेतल्या माणसामागे भिंत हवीच. उत्तम लेन्स कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते या दोन चौकटींत सामावले आहे.

१५/१८
डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहासही येथूनच फुटतो. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने सिनेमाचीच ३५ मिमी फिल्म घेतली, पण ती आडवी चालवून चौकट दुप्पट केली: २४ बाय ३६ मिमी. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात ती हीच. १९९९ च्या निकॉन डी१ चा सेन्सर मात्र सुमारे २४ बाय १६ मिमीचा होता आणि आजही परवडणाऱ्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत साधारण तेवढाच असतो. दुकानदार त्याला ‘क्रॉप’ म्हणतो, जणू काही कापून घेतले आहे. परंतु मूकपटाची चौकट सुमारे २४ बाय १८ मिमीचीच होती. म्हणजे तुमच्या ‘क्रॉप’ कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावलीत, तर जवळजवळ तेवढेच दृश्य दिसेल जेवढे त्या काळी ५० मिमीच्या प्रचलित सिनेभिंगातून दिसत असे. लहान सेन्सरची खंत बाळगण्याचे कारण नाही. फक्त हिशेब ठेवा: ५० ची लेन्स तेथे फुल फ्रेमवरील सुमारे ७५ सारखी वागते, ३५ ची सुमारे ५० सारखी.

१६/१८
आता निवडीकडे. खरेदीआधी आपल्याच शेवटच्या पाचशे फोटोंची माहिती संगणकावर पाहा. प्रत्येक चित्रासोबत फोकल लेंग्थ नोंदलेली असते. किटसोबत आलेल्या १८-५५ वर तुम्ही सतत १८ पाशी असाल तर तुम्हाला रुंद लेन्स हवी, ५५ पाशी अडखळत असाल तर लांबची.
• दर डिसेंबरमध्ये भरणारे वारणेचे कुस्ती मैदान: ७०-२०० एफ/२.८. दिवे लागल्यावर पैलवान गोठवायला मोठे छिद्र लागते. ही महाग आणि जड असते. आधी भाड्याने घ्या.
• जोतिबाची चैत्र यात्रा: उंच सासनकाठ्यांसाठी रुंद लेन्स. गुलाल उधळत असताना लेन्स बदलू नका, सेन्सरवर बसलेला गुलाल सहज निघत नाही.
• पन्हाळ्याचा बुरूज, गावातला वाडा: १६ ते २४ मिमी, एफ/८, ट्रायपॉड. कॅमेरा वर कलवलात तर भिंती आत झुकतील.
• लग्न: ‘क्रॉप’वर ३५ आणि ५० ची एफ/१.८. या दोघी कमी खर्चात बरेच काम निभावतात.
• जुनी लेन्स घेताना टॉर्च लावून आतून पाहा. आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, जाळ्यासारखी दिसते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा स्वस्त उपाय.

१७/१८
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट आग्रहाने मांडते. सध्या एफ/१.८ किंवा एफ/१.४ ला सारे मागचे पुसून टाकण्याची रीत आहे. चेहरा सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण आजीचा फोटो काढताना तिच्यामागे चूल, फडताळ, भिंतीवरची तसबीर, सारवलेली जमीन असते. साठ वर्षांनी कोणी अभ्यासक तो फोटो पाहील, तेव्हा चेहरा त्याला अनोळखी असेल. त्याला घर पाहायचे असेल. ऊसतोडीच्या टोळीतील बाई, तिच्यामागची खोप, बैलगाडी, कारखान्याचे धुराडे हे सारे धूसर झाले, तर आपणच आपला पुरावा पुसला असे होईल. जॉन्सनने पार्श्वभूमी बदलली, आपण ती विरघळवतो. उपाय फुकट आहे: एक फोटो एफ/१.८ ला घ्या, दुसरा एफ/८ ला. पहिला आजीसाठी, दुसरा नातवंडांच्या नातवंडांसाठी.

१८/१८
सारांश: पेट्झव्हालला चेहरा हवा होता, गिलला खोली, शांतारामबापूंना डोळा, विरकरांना भिंत. प्रत्येकाने आधी काय दाखवायचे ते ठरवले, मग भिंग हाती घेतले. कोणती लेन्स घ्यावी असे विचारण्याआधी ‘मी कोणाच्या किती जवळ उभा राहू इच्छितो, आणि त्याच्यामागचे काय जपू इच्छितो’ हे स्वतःला विचारा. उत्तर मिळाले की यादी आपोआप लहान होते. आपल्या घरातील सर्वांत जुन्या फोटोत माणसांच्या मागे काय दिसते, ते खाली अवश्य लिहा. फोटोच्या पाठीमागे गाव आणि साल लिहून ठेवा, पेन्सिलीने आणि हलक्या हाताने.

#इतिहास #कोल्हापूर #छायाचित्रण #मराठी